बत्तीस पायांची कैफियत

माझ्या दुकानावरील पाटीत ‘रेडिओ व टेलिव्हिजन दुरुस्ती’ ही अक्षरे अद्याप शाबूत आहेत, परंतु रेडिओ काखोटीला मारून येणारे गिऱ्हाईक नाहीसे होऊन कित्येक वर्षे लोटली, आणि टेलिव्हिजन घेऊन येणारे जे थोडके उरले आहेत त्यांना, पेटी उघडण्यापूर्वीच, “पॅनल गेले, खर्च करण्यात अर्थ नाही,” असा निकाल ऐकवून परत पाठवावे, एवढाच काय तो या दुकानाचा हल्लीचा कारभार आहे. बारामतीत, नीरेच्या डाव्या कालव्याच्या जवळच असलेल्या या गाळ्यात मी १९८२ सालापासून बसतो आहे. त्याच साली दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने देशात रंगीत चित्रवाणी अवतरली, आणि पुढली पंधरा-वीस वर्षे, लोखंडी नळाच्या टोकाला बांधलेल्या व सिंहगडावरील प्रक्षेपकाकडे तोंड करून गच्चीगच्चीवर उभ्या असलेल्या अँटेनांच्या त्या अरण्यात, माझ्यासारख्याला दुपारचे जेवण वेळेवर मिळणे दुरापास्त झाले.

त्या काळच्या पेट्यांची निम्मी दुखणी एकाच निदानात मावत असत, आणि त्या निदानाचे नाव ‘ड्राय सोल्डर’. चित्रनलिकेला लागणारा हजारो व्होल्टांचा दाब ज्या भागात निर्माण होई तो भाग रोज संध्याकाळी तापे व रोज रात्री निवे. या नित्याच्या प्रसरण-आकुंचनाने पायाभोवतीच्या सोल्डरला केसाएवढी वर्तुळाकार भेग पडे, आणि मग घरातील कर्त्या पुरुषाने पेटीच्या कुशीत थाप मारली की चित्र परत येई. थापेने बरा होणारा रोग थापेने वाढतोही, हे गिऱ्हाइकाला पटविण्याच्या फंदात मी कधी पडलो नाही. भिंग लावावे, भेग हुडकावी, आयर्न टेकवून तो डाग पुन्हा जिवंत करावा आणि पैसे घ्यावेत, असा तो सरळ व्यवहार होता. असे डाग मी किती दिले असतील याचा हिशेब कोणत्याच दप्तरात नाही. पण हाताला ते काम इतके अंगवळणी पडले होते की आपण काय करतो हे शब्दांत सांगण्याची वेळ माझ्यावर चाळीस वर्षांत आली नव्हती.

ती वेळ गेल्या माघात आली. माझी लेक इंदापूरला दिली आहे. तिची थोरली मुलगी नववीत शिकते. एके रात्री या नातीचा फोन आला. “आबा, तुमची सोल्डरिंगची गन घेऊन या. आणि ते डोळ्याला लावायचं भिंग पण आणा.” माझ्यापाशी असते ते आयर्न, गन ही वस्तू निराळी, हा भेद विशद करण्याची ती घटका नव्हती, कारण तिच्या स्वरात उमेदीपेक्षा धास्ती अधिक होती. हकीकत अशी की, तिने व तिच्या वर्गातील दोघा मुलांनी शाळांच्या एका स्पर्धेसाठी वीतभर लांबीची दोनचाकी गाडी जुळविली होती. जमिनीवर चिकटविलेल्या काळ्या पट्टीचा माग काढीत या गाडीने आपण होऊन धावावयाचे होते. पट्टी ओळखण्यासाठी गाडीच्या नाकाखाली एका ओळीत आठ डोळे होते, म्हणजे अदृश्य किरण खाली टाकून तो किती परत येतो हे मोजणाऱ्या आठ जोड्या. पांढरी फरशी किरण परत धाडते, काळी पट्टी तो गिळून टाकते, एवढ्या एका न्यायावर हा सारा खटाटोप चालतो. अडचण आठ या आकड्यात होती. मुलांना परिचित असलेला मायक्रोकंट्रोलर, ॲटमेगा ३२८पी, हा २८ जाड पायांच्या लांबोडक्या रूपात मिळतो तेव्हा त्याला अशा डोळ्यांसाठी सहाच वाटा असतात. तोच जीव जेव्हा ३२ पायांच्या चौरस रूपात येतो तेव्हा त्या वाटा आठ होतात. सबब चौरस रूपच घेणे प्राप्त होते.

असे चौरस आयसी आधीच बसविलेले तयार बोर्ड बाजारात थोडक्या पैशांत मिळतात, हे मुलांना ठाऊक होते आणि मलाही ठाऊक होते. पण तयार बोर्ड लावण्यास स्पर्धेच्या नियमांची मनाई होती. हा नियम कोणाला आडमुठेपणाचा वाटेल. मला तसा वाटला नाही. कारण ज्या गावात मोरोपंतांनी ओठाला ओठ न लावता म्हणता येईल असे एक अख्खे रामायण रचले, आणि एवढ्याने तृप्ती न होऊन निरनिराळ्या बंधनांची रामायणे रचण्याचा सपाटाच लावला, त्या गावचा मी रहिवासी आहे. स्वतःहून पत्करलेल्या अडचणीत जी गोडी असते तिच्यापुढे सोयीची किंमत किती, हा विचार बारामतीकराच्या ठिकाणी नसला तर कोठे असावा?

मुलांच्या मास्तरांनी पुण्याला बुधवारात, पासोड्या विठोबाच्या आसपास तपकीर गल्लीत जाऊन जिन्नस खरेदी करून आणला होता: दोन आयसी आणि तीन अडॅप्टर बोर्ड. या अडॅप्टर नामक पाटीचे कार्य समजण्यास सोपे आहे. चौरस आयसीची एकेक बाजू ७ मिलिमीटरांची, आणि शेजारच्या दोन पायांच्या मध्यांतील अंतर ०.८ मिलिमीटर, मुलांच्या डॉट बोर्डावरील छिद्रांतील अंतर मात्र २.५४ मिलिमीटर, म्हणजे जुन्या हिशेबाने इंचाचा दहावा भाग. ही दोन मापे परस्परांना ओळखत नाहीत. तेव्हा मधोमध आयसी बसावा, त्याच्या प्रत्येक पायापासून तांब्याची एकेक बारीक वाट फुटून पाटीच्या कडेपर्यंत पसरत जावी, आणि तेथे बर्ग स्ट्रिपचे जाड खिळे तिला मिळावेत, अशी ही योजना. आमच्या मुलखातील कोणत्याही शेतकऱ्याने ती पाटी भिंगाखाली धरली असती तर “कालवा, फाटे आणि चाऱ्या” एवढेच शब्द त्याच्या तोंडून निघाले असते.

इंदापूरची एसटी धरली तेव्हा उसाचा हंगाम ऐन भरात होता. काटेवाडी, भवानीनगर, सणसर, बेलवाडी, लासुर्णे अशी जी गावे आषाढी वारीत तुकोबांच्या पालखीच्या वाटेवर लागतात, तीच याही वाटेवर लागतात. मात्र माघात तेथे टाळमृदंगांऐवजी ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्यांचा घोष असतो आणि रस्त्यावर पाचटाचा सडा असतो. दक्षिणेकडे, नीरेच्या बाजूला, वालचंदनगर राहिले. त्या कारखान्यात साखर कारखान्यांची यंत्रे होतात हे लहानपणापासून ऐकत आलो होतो. ध्रुवीय उपग्रह प्रक्षेपकाच्या पहिल्या टप्प्याची, २.८ मीटर व्यासाची पोलादी आवरणेही तेथेच तयार होतात, हे पुढे समजले. एकाच तालुक्यात एकीकडे पोलादाचे ते प्रचंड सांधे आणि दुसरीकडे माझ्या पिशवीतील पंचवीस वॉटचे आयर्न, ज्याला ०.८ मिलिमीटरात आपली शोभा करून घ्यावयाची होती! निमगाव केतकीचे पानमळे मागे पडेपर्यंत माझ्या मनात हीच तुलना घोळत होती, आणि ती मुळीच उत्साहवर्धक नव्हती. कारण माझ्या डाव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन होऊन वर्षही झाले नव्हते, आणि उजवा हात सकाळी चहाचा कप धरताना हल्ली किंचित कापतो, ही गोष्ट मी घरात कोणालाही सांगितलेली नव्हती.

शाळेच्या प्रयोगशाळेत पहिला आयसी मी स्वतः बसविला, किंवा बसविण्याचा प्रयत्न केला, आणि तो वाया घालविला. ही गोष्ट मी येथे लवकर उरकतो, कारण तिच्यात लांबण लावण्यासारखे काही नाही. तीन मुले व एक मास्तर सभोवार उभे असता “दूर व्हा, उजेड अडतो,” असे म्हणून मी चिमट्याने आयसी जागेवर ठेवला आणि सवयीप्रमाणे एकेका पायाला आयर्न व सोल्डरची तार लावू लागलो. चौथ्या पायाशी दोन पाय एकत्र मिळाले. ते सोडवू गेलो तो पाच मिळाले. हट्टाने आयर्न अधिक वेळ दाबून धरले तेव्हा पाटीवरील तांब्याची वाट उखडून वर आली आणि आयसीचे पाय वाकले. मुले काही बोलली नाहीत, हे मला अधिक लागले. मास्तरांनी चहा मागविला.

चहा पिताना मी ती पाटी भिंगाखाली पुन्हा पाहिली, तेव्हा चूक हातात नसून हाताच्या आधीची आहे हे ध्यानात आले. पाटीवरील तांबे काळवंडलेले होते. दुकानाच्या फळीवर ती बरेच दिवस धूळ खात पडली असावी. जुन्या पेट्यांतील जाड पायांना सोल्डरच्या तारेच्या पोटात असलेली राळच पुरत असे. या चिमुकल्या सांध्यावर मात्र ती राळ आयर्नच्या टोकाशीच जळून जाई आणि धातूपर्यंत पोचतच नसे. वेगळे फ्लक्स हवे होते. माझ्या पिशवीत चिडाच्या राळेचा एक पिवळा खडा वर्षानुवर्षे पडलेला असतो. तो मी कुटला, प्रयोगशाळेतील स्पिरिटात विरघळविला, आणि ते काकवीसारखे पाणी ब्रशाने पाटीला लावू लागलो, तो नातीने विचारले, “आबा, हे कशाला? चिकटायला का?”

सोल्डर हा डिंक आहे, ही समजूत केवळ मुलांची नाही. पुष्कळ जाणत्या माणसांचीही आहे. तिला उत्तर देताना मला एकाएकी आमच्या कसब्यातील कल्हईवाला आठवला. माझ्या लहानपणी तो दिवाळीच्या आधी येऊन चौकात खड्डा खणी, भाता पुरी, आणि आळीतील पातेल्यांचा ढीग पुढ्यात घेऊन बसे. पातेले लाल होण्याच्या बेतात आले की तो चिमूटभर नवसागर आत टाकी; पांढऱ्या धुराचा लोट उठे आणि सगळी पोरे खोकत मागे सरत; त्या धुरातच तो कथलाची कांडी एकदा टेकवी, आणि कापसाच्या बोळ्याने एक वळसा देताच काळे पितळ आरशासारखे उजळे. नवसागराचे काम चिकटविण्याचे नव्हे. तापल्यावर त्यातून जे आम्ल निघते ते धातूवरचा गंज खाऊन टाकते, आणि उघड्या पडलेल्या धातूला कथील आपण होऊन बिलगते. धातू धातूला बिलगावयास सदैव तयारच असतो, मध्ये गंजाचा पडदा तेवढा आड येतो. आमची राळ तेच काम करते; फरक इतकाच की नवसागराचा अंश मागे राहिला तर तो पुढे महिनोन्महिने तांबे खात बसतो, आणि राळ मात्र गरम असेपर्यंत आम्ल, निवली की निरुपद्रवी काच. म्हणून भांड्याला नवसागर आणि विजेच्या कामाला राळ. पातेले भट्टीत तापल्यावाचून कल्हईवाला कांडी हातात घेत नसे, हेही मी तिला सांगितले: सोल्डर वितळवून पायावर ओतावयाचे नसते, पाय व तांबे दोन्ही आधी तापवावयाची असतात, मग त्या तापल्या धातूलाच तार लावावयाची, आणि सोल्डर कोठवर जावयाचे ते त्याचे त्यालाच ठरवू द्यावयाचे.

मुलांपैकी एकाने, जो फार बोलत नाही पण आकडे विसरत नाही, मध्येच शंका काढली की कथील २३२ अंशांना वितळते आणि शिसे ३२७ ला, मग त्या दोहोंची तार मधल्या कोठल्या तरी आकड्याला वितळत असेल. नाही, ६३ भाग कथील व ३७ भाग शिसे यांचे मिश्रण १८३ अंशांनाच पाणी होते, दोघांच्याही खाली. दोन ताठर माणसे एकत्र आली की दोघांचाही ताठा उतरतो, असे काहीसे मी बोलून गेलो. पण त्याला ते पटले नसावे, कारण तो वहीत आकडेच लिहीत राहिला. शिशाचे नाव निघाले तेव्हा मास्तर सावध झाले. धूर दिसतो तो राळेचा, शिशाचा नव्हे, परंतु तोही छातीत भरून घेण्याजोगा नाही. शिसे हाताला लागते आणि हातातून भाकरीबरोबर पोटात जाते. सबब खिडकी उघडी आणि काम संपल्यावर साबणाने हात, असा हुकूम मी जारी केला, जो चाळीस वर्षांत मी स्वतः क्वचितच पाळला.

दुसरा आयसी नातीने बसविला. मी तिच्या डावीकडे बसलो, आणि माझा हात तिच्या हातावर ठेवावयाचा नाही, असे मनाशी ठरवून दोन्ही हात मांडीखाली घेतले. आयसीच्या एका कोपऱ्यावर बारीक ठिपका असतो. तेथून पायांची गणना सुरू होते, आणि ती घड्याळाच्या उलट दिशेने जाते. पाटीच्या दोन्ही अंगांना निरनिराळ्या मापांचे नकाशे छापलेले असल्यामुळे आपण ०.८ च्याच बाजूला आहोत ना, याची तिने आधी खातरजमा केली. ही गोष्ट मला सांगावी लागली नाही. मग आयसी ठेवून तिने भिंगातून चारी बाजूंचे पाय आपापल्या पट्टीवर आले की नाही ते पाहिले, आणि समोरासमोरच्या कोपऱ्यांतील फक्त दोन पायांना टाका घातला, जसा शिंपी कापड शिवण्यापूर्वी कच्चा धागा घालतो. यापुढे सुधारणेस वाव नसतो. टाका वाकडा पडला तर तो येथेच उसवावा. तिचा पहिला वाकडा पडला. तिने तो उसवला.

यानंतर जे झाले ते मी पुष्कळ वेळा मनात उजळून पाहिले आहे. राळेचे पाणी भरपूर लावल्यावर आयर्नच्या टोकावर सोल्डरचा एक लहानसा थेंब घ्यावा, आणि तो थेंब आठ पायांच्या रांगेवरून एका संथ ओढीने न्यावा. एकेक पाय मोजत बसू नये. पाय व तांबे तापलेले असतील आणि राळ जिवंत असेल, तर थेंब प्रत्येक पायाशी आपला वाटा ठेवून पुढे सरकतो, आणि दोन पायांमधल्या हिरव्या लेपावर त्याला थारा मिळत नाही म्हणून तेथून तो स्वतःच मागे फिरतो. ‘ठेवू नको, ओढ; ओढताना घाई करू नको, पण थांबूही नको,’ असे काही परस्परविरोधी मी बोलत होतो, आणि बोलताना माझे मलाच कळत होते की या शब्दांत काडीचाही अर्थ नाही. शेवटी म्हणालो, “पाटाला पाणी सोडलं की वाफ्याचं दार कधी बांधायचं, तुझ्या बाबांना विचार. वाफा भरायच्या आधी बांधतात की नंतर?” ती म्हणाली, “जरा आधी. मागचं पाणी येतंच.” “मग तसंच.” तिसऱ्या बाजूला तिचा हात बसला. पहिल्या बाजूवर राहिलेले दोन पूल तांब्याची विणलेली पट्टी टेकवून शोषून घेतले, चौथी बाजू एका ओढीत झाली. आणि भिंगाखाली आठही पायांच्या टाचांशी सोल्डरची ती अंतर्वक्र, चकचकीत उतरण दिसली, जी पाहिल्यावर माझ्या जातीच्या माणसाला क्षणभर आणखी काही नको असते.

मग मल्टिमीटर घेऊन आम्ही प्रत्येक पायाची कैफियत घेतली. ३२ पाय आपापल्या खिळ्यापर्यंत पोचतात काय, आणि एका बाजूस ७ या हिशेबाने २८ फटींपैकी कोठे शेजाऱ्याशी गुप्त संधान आहे काय, असे एकूण ६० जबाब झाले. एकविसावा पाय वरून निर्दोष दिसत होता. पण सुईने हलकेच ढकलता तो हलला. ड्राय. माझ्या साऱ्या आयुष्याचा जुना सोबती इतक्या लहान रूपात भेटलेला पाहून मला हसू आले.

आता माझ्या दुसऱ्या चुकीची कबुली. नव्या आयसीत काहीच लिहिलेले नसते. मुलांनी रचलेली आज्ञावली त्यात उतरविण्यासाठी दुसऱ्या बोर्डापासून सहा तारा आणून जोडाव्या लागतात, आणि जोडणी बरोबर असेल तर प्रथम तो आयसी आपली सही देतो: १ई, ९५, ०एफ. विजेच्या व जमिनीच्या तारा मुलांनी कागद पाहून लावल्या होत्या. उरलेल्या चार मी लावल्या, आणि कागद न पाहता लावल्या. कारण अलीकडे धंदा टिकविण्यासाठी पाण्याच्या टाकीच्या मोटारीचे टायमर मी याच जातीच्या आयसीवर बांधले होते, आणि रिसेटचा पाय पहिला व बोलण्याचे पाय १७, १८, १९, हे मला पाठ होते. संगणकावर सही उमटली ती अशी: एफएफ, एफएफ, एफएफ. तारा हलवून पाहिल्या, केबल बदलली, संगणक बंद करून पुन्हा चालू केला, सही तीच. मास्तरांनी हळूच विचारले की हाही आयसी गेला काय. मी उत्तराच्या तारेवर मल्टिमीटर लावला, तो काटेकोर ५ व्होल्ट. बोलणाऱ्याच्या तारेवर दाब वरखाली व्हावयास हवा. हा बोलत नव्हता, याच्या तोंडाशी कोणी तरी थेट विजेची तार आणून ठेवली होती. तेवढ्यात आकडे न विसरणाऱ्या त्या मुलाने डेटाशीटवर बोट ठेवले. मी सांगितलेली गणना २८ पायांच्या रूपाची होती. ३२ पायांच्या रूपात अठरावा पाय हा एका विजेच्या वाटेचा आहे, बोलण्याचे पाय १५, १६, १७, आणि रिसेट पहिला नसून एकोणतिसावा. जीव तोच, पण पायांची नावे बदललेली.

“आजोबा, तुमचं बरोबर होतं, फक्त दुसऱ्या आयसीचं होतं,” असे तो मुलगा म्हणाला. इतक्या अदबीने माझी चूक आजवर कोणी सांगितलेली नाही. तारा बदलल्या, १ई, ९५, ०एफ.

संध्याकाळी गाडी जमिनीवर ठेवली तेव्हा तिसरे विघ्न उभे राहिले. चाके एक हिसका घेत आणि थांबत, पुन्हा हिसका, पुन्हा थांबणे. आयसी दर अर्ध्या सेकंदाला नव्याने जन्म घेत होता. मुलांना ही चूक आपल्या आज्ञावलीतील वाटली आणि ती संगणकाभोवती गोळा झाली. आज्ञावलीतील मला काही समजत नाही, पण हे दुखणे मात्र मी ओळखले, कारण ते आमच्या मुलखाचे जुनेच दुखणे आहे. स्थिर उभी असलेली मोटार चालू होताना, चालत्या मोटारीच्या कित्येक पट वीज ओढते. बॅटरीचा दाब त्या क्षणापुरता खचतो, आणि त्याच तारेवर शेवटी बसलेल्या आयसीला काहीच पोचत नाही. इंदापूरच्या मुलांना हे समजाविणे अवघड नव्हते. कालव्याच्या वरच्या अंगाला उसाचे मळे पाणी ओढू लागले म्हणजे टेलच्या शेतकऱ्याच्या चारीत काय उरते, याची चर्चा त्यांनी घरोघर जेवताना ऐकलेली होती; नातीने तर “म्हणजे मोटारी बारामतीच्या आणि आयसी आपला,” असे म्हणून मला चिमटाही काढला. टेलचा शेतकरी काय करतो? आवर्तनावर विसंबून न राहता आपल्या बांधालाच शेततळे खणतो. आमचे शेततळे म्हणजे ‘१०४’ असा आकडा छापलेला डाळीएवढा सिरॅमिक कपॅसिटर, ०.१ मायक्रोफॅरडचा. मुलांनी तो लावलेलाच होता, पण डॉट बोर्डाच्या पार दुसऱ्या टोकाला, म्हणजे तळे गावात आणि शेत शिवारात. सुदैवाने या आयसीचे तिसरा ते सहावा हे पाय ओळीने जमीन, वीज, जमीन, वीज असे आहेत. कपॅसिटरचे पाय कापून आखूड केले आणि पाटीच्या खालच्या अंगाने तिसऱ्या-चौथ्याच्या खिळ्यांवर एक, पाचव्या-सहाव्यावर एक, असे थेट बसविले; ५ व्होल्टांच्या वाटेवर ४७० मायक्रोफॅरडचा एक मोठा हौद ठेवला; आणि मोटारींच्या परतीची तार आयसीच्या शेजारून न नेता वेगळी, जाड, सरळ बॅटरीपर्यंत नेली. मोठ्या गिऱ्हाइकाला स्वतंत्र फाटा द्यावा, हे पाटबंधाऱ्याचे शहाणपण विजेलाही लागू पडते.

शाळेच्या व्हरांड्यात काळ्या पट्टीचे अंडाकृती वर्तुळ होते. गाडी त्यावर ठेवली, ती आधी डोलली, पट्टी सापडेना म्हणून नाक इकडेतिकडे फिरविले, आणि मग धावू लागली. मुले दोन्ही अंगांना सरकून उभी राहिली, मध्ये वाट ठेवून. बेलवाडीच्या रिंगणात अश्व येताना लोक जसे मागे सरतात, अगदी तसे, आणि ते त्यांनी जाणून केले नव्हते. पाचव्या फेरीला, जेथे पट्टीचे दोन तुकडे जोडलेले होते व मध्ये दोन बोटे फरशी उघडी होती, तेथे गाडी भरकटून मास्तरांच्या चपलेवर चढली. हे मात्र आज्ञावलीचेच काम आहे, असे मुलांचे एकमत झाले, आणि माझी गरज संपली.

बारामतीची शेवटची एसटी चुकू नये म्हणून लगबगीने निघालो. आयर्न गरमच होते; नातीने ते वर्तमानपत्राच्या चार घड्यांत गुंडाळून पिशवीत घातले. स्टँडवर ऊसतोडीची एक टोळी भाकरी सोडून बसली होती. बस सुटली तेव्हा भीमेकडून गार वारा येत होता, आणि मांडीवरच्या पिशवीची ऊब मला सणसरपर्यंत पुरली.

माझे उस्ताद काम संपल्यावर आयर्नचा प्लग काढण्याआधी त्याच्या टोकावर ताज्या सोल्डरचा एक मोठा थेंब चढवीत असत. उघडे तांबे गरम असता गंजते, आणि रात्रभराचा गंज सकाळी कानशीने घासावा लागतो. थेंबाखाली झाकलेले टोक मात्र दुसऱ्या दिवशी पहिल्याच स्पर्शाला उजळते. त्या दिवसभरात मी पोरांना नवसागरापासून शेततळ्यापर्यंत सर्व काही सांगितले. हे सांगावयाचे राहून गेले होते, आणि निघण्याच्या घाईत ते मी स्वतःही केले नव्हते. सकाळी दुकान उघडून वर्तमानपत्राच्या घड्या सोडविल्या, आणि घासण्यासाठी कानस हातात घेतली. टोकावर मोत्याएवढा थेंब होता.